आत्याची गोळी, मोतीची गोळी

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय मिरगी. कुणी फिट म्हणतं, कुणी फेफरं, कुणी आकडी, पुस्तकात अपस्मार. आमच्या भंडाऱ्याकडे मिरगी. आणि आज माणसांची मिरगी आणि कुत्र्यांची मिरगी, दोन्ही एकत्र घेणार आहे. का, ते आमच्या घरच्या एका गोष्टीवरून कळेल. ती आधी सांगतो, मग मागे जाऊ. बरंच मागे.

2011 ची गोष्ट. मी नववीत होतो. पवनी तालुक्यातलं आमचं गाव, दिवाळीनंतरचे दिवस, धानाची चुरणी चालू. आमचा कुत्रा मोती अंगणात झोपला होता. झोपेतच त्याचे पाय ताठ झाले, मान मागे गेली, जबडा कटकट वाजायला लागला, तोंडातून फेस आला. साधारण दीड मिनिट. मग उठला आणि आंधळ्यासारखा भिंतीला धडकत फिरायला लागला. शेजारच्या काकांनी पाहिलं आणि ओरडले, "कुत्रा पागल झाला!" गावात याचा अर्थ एकच. पाच मिनिटांत चार माणसं काठ्या घेऊन अंगणात.

माझी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. मोती आणि काठ्या यांच्या मध्ये सरळ खाली बसली. म्हणाली, "कोनी हात लावू नका. याले मिरगी आहे. माह्यावानीच."

आता हे वाक्य किती महागाचं होतं ते सांगतो. आत्याला मिरगी आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. "तिची तब्येत बरी नाही" एवढंच. आत्याचं लग्न 1993 मध्ये झालं, आणि वर्षाच्या आत ती परत आली. सासरी एकदा चुलीपाशी पडली होती. नंतर वकिलाचा कागद आला. त्या दिवशी अंगणात, चार बाप्यांसमोर, तिने तो शब्द स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा काढला. तोही एका कुत्र्यासाठी.

मोती वाचला. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला न्या. 80 किलोमीटर, ओळखीच्या भाजीच्या टेम्पोत, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला. दोन-तीन फेऱ्या झाल्या, रक्त तपासलं, आणि चिठ्ठीवर औषध आलं: फिनोबार्बिटोन. बाबांनी ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात दिली तर दुकानदार म्हणाला, "ताईंची गोळी ना? माहीत आहे."

एकच गोळी. आत्याची आणि मोतीची. मी इंजिनीअर झालो, आता पुण्यात बसून कोड लिहितो, पण ती एक गोळी डोक्यातून गेली नाही. म्हणून हा भाग.

तर आता मागे जाऊ. अडीच हजार वर्षं, थोडं इकडेतिकडे.

आपल्याकडे गृह्यसूत्रं नावाचे ग्रंथ आहेत. घरातले विधी कसे करायचे त्याची नियमावली. बारसं, मुंज, लग्न, सगळं. त्यातली आपस्तंब आणि हिरण्यकेशी ही सूत्रं मानणारी घराणी महाराष्ट्रात आजही आहेत. कोकणातल्या चित्पावनांत तर हिरण्यकेशी बरेच. या सूत्रांत एक विधी आहे, 'श्वग्रह' झालेल्या मुलासाठी. श्व म्हणजे कुत्रा. ग्रह म्हणजे पकडणारा. लहान मुलाला अदृश्य कुत्रा धरतो, म्हणून ते थरथरतं, असा समज. एकोणिसाव्या शतकात हर्मान ओल्डेनबर्ग या जर्मन अभ्यासकाने या सूत्रांचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा त्याने श्वग्रहाचा अर्थ मिरगी असाच लावला. काही जणांना तो डांग्या खोकला वाटतो, कारण त्यातही कुत्र्यासारखा आवाज येतो. वाद आहे, पण विधी ऐका.

गावात जुगार खेळायची एक शाळा असे, द्यूतशाळा. तिथली मधली जमीन उकरून उंच करायची, पाणी शिंपडायचं, फासे टाकायचे. आजारी मुलाला दारातून न्यायचं नाही. हिरण्यकेशी सांगतो, छपराला भोक पाडून वरून आत घ्या. मग फाशांवर उताणं झोपवायचं, अंगावर दही आणि खारं पाणी शिंपडायचं, बाजूला थाळी वाजवत ठेवायची. आणि मंत्रात त्या कुत्र्याशी थेट बोलायचं. त्याचं नाव कूर्कुर. त्याला म्हणायचं, सोड याला.

मला या विधीत जुगाराची जागा फार विचार करायला लावते. मिरगी कधी येईल सांगता येत नाही. फासा कसा पडेल सांगता येत नाही. ज्याने हा विधी रचला त्याला आजारातली सगळ्यात छळणारी गोष्ट कळली होती असं मला वाटतं. हा माझा अंदाज, ग्रंथात असं लिहिलेलं नाही.

पुढे वाग्भट येतो, अष्टांगहृदयाचा कर्ता. त्याच्या यादीतही लहान मुलांना धरणाऱ्या ग्रहांत श्वग्रह आहे. पण त्याने लक्षणं कशी लिहिलीत बघा: कंप, अंगावर काटा, घाम, डोळे मिटणं, शरीर मागे वाकणं, जीभ चावणं, घशातून कण्हणं, विष्ठेचा वास, कुत्र्यासारखं ओरडणं. शेवटचं सोडा, पण बाकी सगळं कुठल्याही न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत सांगितलं तर डॉक्टर लगेच मान हलवतील. कारण चुकलं, पण निरीक्षण एकदम पक्कं. चरकाने तर अपस्मार हा वेगळा आजार धरला, स्मृती जाणं ही त्याची खूण मानली आणि वात, पित्त, कफ असे त्याचे प्रकार पाडले. म्हणजे आपल्याच परंपरेत दोन्ही होतं. एकीकडे आजार, औषध. दुसरीकडे कुत्रा धरतो.

थोडक्यात, या गोष्टीत कुत्र्याची पहिली एन्ट्री आरोपी म्हणून होते.

एक आणखी गोष्ट सांगून पुढे जातो. फिट आली की आपण काय करतो? कांदा हुंगवतो, चप्पल हुंगवतो. आत्यालाही हुंगवायचे. काही उपयोग नाही, कारण झटका बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपला आपणच थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. करायचं ते एवढंच: माणसाला कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू सरकवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर न येता दुसरा झटका आला, तर दवाखाना. कुत्र्याच्या बाबतीतही जवळपास हेच, फक्त त्याच्या तोंडाजवळ हात अजिबात नको.

आता 1857. मे महिना. इकडे मेरठहून शिपाई दिल्लीत पोचले होते, आणि त्याच महिन्यात लंडनमध्ये डॉक्टरांच्या एका सभेत सर चार्ल्स लोकॉक उठून बोलले. हे व्हिक्टोरिया राणीचे बाळंतपणाचे डॉक्टर. त्यांनी सांगितलं की पोटॅशियम ब्रोमाइड दिल्यावर काही बायकांची मिरगी थांबली. का दिलं होतं? तर त्यांचा समज असा की या बायकांची मिरगी लैंगिक भावनेतून येते, आणि ब्रोमाइडने ती भावना दबते. तर्क पूर्ण चुकीचा. औषध मात्र लागू पडलं! मिरगीवर खरोखर काम करणारं हे पहिलं औषध. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा कोडला ओळखतो: का चालतंय माहीत नाही, पण हात लावू नका.

1912. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर. वॉर्डात रात्री रुग्णांना झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटल हे नवं झोपेचं औषध देऊन पाहिलं. सकाळी लक्षात आलं, ज्यांना मिरगी आहे त्यांचे झटके कमी झालेत. हीच ती गोळी. आत्याची, मोतीची. हाउप्टमान ज्यू होता. नाझींच्या काळात त्याला देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. स्वस्त म्हणून, टिकाऊ म्हणून त्याची गोळी जगभरातल्या गरीब देशांत अजून चालते. आणि माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलांत आता मागे पडलेलं ते 1857 चं ब्रोमाइड? ते कुत्र्यांकडे गेलं. आजही फिनोबार्बिटल आणि ब्रोमाइड ही कुत्र्यांच्या मिरगीवरची मुख्य औषधं आहेत. लोकॉकसाहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला असता.

(गोळी एक असली तरी डोस एक नाही. घरातली माणसाची गोळी कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका, दोघांचीही. एकदम बंद केली की झटके उसळून येतात.)

म्हणजे 1912 पासून औषध आहे. मग 1993 मध्ये आत्या परत का आली?

इथे कायदा येतो. हिंदू विवाह कायदा 1955 चा. 1976 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कलम 5 मध्ये लग्नाच्या अटींत एक ओळ आली: वर किंवा वधूला वेडाचे अथवा मिरगीचे वारंवार झटके येत नसावेत. वेड आणि मिरगी, एकाच श्वासात. येत असतील तर कोर्टाकडून लग्न रद्द करून घेता येत होतं. आत्याच्या घरी आलेल्या कागदात हेच कलम होतं. डॉक्टर आणि मिरगीच्या रुग्णांच्या संघटना या ओळीविरुद्ध झगडत राहिल्या, आणि डिसेंबर 1999 मध्ये संसदेने त्यातून 'मिरगी' हा शब्द काढून टाकला. वेडाचा उल्लेख राहिला, मिरगी गेली. आत्याला सहा वर्षं उशीर झाला. आणि कायद्यातून शब्द गेला म्हणून गावातून गेला असं काही नाही. स्थळ आलं की आजही गोळ्या लपवतात. लपवल्या की चुकतात, चुकल्या की झटका येतो, आणि तो नेमका मांडवातच.

आता पुन्हा कुत्र्यांकडे. कारण 1920 नंतर कुत्रा या गोष्टीत आरोपी राहत नाही, रुग्ण होतो.

तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत पाळीव कुत्र्यांमध्ये एक विचित्र साथ पसरली. कुत्रा अचानक घाबरल्यासारखा किंचाळत सुटायचा, धडकायचा, मग झटके. लोकांनी तिला कुत्र्यांचा 'हिस्टेरिया' म्हटलं. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नवा विषाणू. उत्तर सापडायला वीस-पंचवीस वर्षं लागली. सर एडवर्ड मेलनबी हे शास्त्रज्ञ, मुडदूस आहारातल्या कमतरतेमुळे होतो हे कुत्र्यांवरच्याच प्रयोगांतून दाखवणारे. त्यांनी डिसेंबर 1946 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की दोष पावात आहे. मैदा पांढराशुभ्र दिसावा, त्याचा पाव छान फुगावा म्हणून गिरण्या त्यात नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू सोडत. धंद्यातलं नाव 'एजीन'. त्या मैद्याचा पाव खाऊ घातला की कुत्र्याला झटके, साध्या मैद्याचा दिला की काही नाही. पुढे त्यातलं नेमकं विषही सापडलं. वायूने गव्हाच्या प्रथिनातल्या मेथिओनिनचं रूप बदलत होतं.

माणसं तोच पाव रोज खात होती. त्यांना तसे झटके आल्याचं दिसलं नाही. पण कुत्र्याला मेंदूचा झटका देणारी गोष्ट आपण मुलांना टोस्ट करून का द्यायची, असा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेने 1949 मध्ये एजीन थांबवलं, ब्रिटनने पुढच्या काही वर्षांत. कुत्र्यांच्या मिरगीमुळे दोन देशांचा पाव बदलला, मंडळी! हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना.

आम्हा भंडारेकरांना ही गोष्ट थोडी ओळखीचीही वाटते. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत ओल असतानाच लाखोळी टाकतात. त्या डाळीतल्या विषाने पाय लुळे पडतात म्हणून 1961 मध्ये विक्रीवर बंदी आली, आणि वाद अजून मिटलेला नाही. तो आजार वेगळा, मिरगी नव्हे. ताटातलं काय मेंदूपर्यंत जातं, हा प्रश्न तेवढा तोच.

आपल्याकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांना झटके येतात त्याचं मोठं कारण मात्र दुसरंच: डिस्टेंपर. विषाणूचा आजार. आधी नाक-डोळे गळतात, ताप, जुलाब, मग मेंदूवर जातो आणि कुत्रा च्युइंगम चघळल्यासारखा जबडा हलवत राहतो. देवीची लस शोधणाऱ्या जेनरने 1809 मध्येच त्याचं वर्णन लिहिलं होतं; विषाणू आहे हे 1905 मध्ये फ्रान्सच्या आंरी कारेने दाखवलं. लस आहे. वाघालाही हा आजार होऊ शकतो, म्हणून कोका, नागझिरा, कऱ्हांडला अशा जंगलांना लागून असलेल्या आमच्या गावांत कुत्र्यांची लस हा फक्त कुत्र्यांचा प्रश्न राहत नाही.

आणि रेबीज. काठ्या घेऊन आलेली ती माणसं दुष्ट नव्हती. रेबीज झाला की मरण पक्कं, हे त्यांना माहीत होतं. फेस दिसला की ते घाबरणारच. अनोळखी कुत्र्याला झटका येताना दिसला तर तुम्हीही लांबच राहा. नुसतं बघून रेबीज नाही असं कुणी सांगू शकत नाही. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन. मोती घरचा होता, लस घेतलेला होता, आणि झटक्यानंतर अर्ध्या तासात ताटलीतला भात खात होता. पण त्या अर्ध्या तासापर्यंत कुणी थांबायला तयार नव्हतं. आत्या मध्ये बसली म्हणून थांबले.

आता शेवटचा टप्पा. कुत्रा मदतनीस.

1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये शेफील्डच्या 'सपोर्ट डॉग्ज' संस्थेत व्हॅल स्ट्राँग या बाईंनी मिरगी असलेल्या माणसांसाठी कुत्रे तयार करायला सुरुवात केली. 1999 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. दावा असा की शिकवलेला कुत्रा झटक्याच्या 15 ते 45 मिनिटं आधी इशारा देतो. विचार करा, आत्याला चुलीपासून उठायला पंधरा मिनिटं मिळाली असती तर? जगभर बातम्या झाल्या. मग शंकेखोर लोक आले, आणि बरं झालं आले. 2007 च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की असे कुत्रे बाळगणाऱ्या काही रुग्णांचे झटके मुळात मिरगीचे नव्हतेच, मानसिक ताणातून येणारे होते. मेंदूचा आलेख आणि व्हिडिओ एकत्र लावल्यावर काही कुत्र्यांचे इशारेही चुकीच्या वेळी निघाले.

2019 मध्ये फ्रान्सच्या रेन विद्यापीठातल्या चमूने वेगळा प्रश्न विचारला: झटक्याला स्वतःचा वास असतो का? पाच रुग्णांचा घाम आणि श्वास डब्यांत भरला, काही झटक्याच्या वेळचा, काही शांत असतानाचा, काही व्यायामानंतरचा. शिकवलेल्या पाच कुत्र्यांपैकी तिघांनी झटक्याचा डबा प्रत्येक वेळी ओळखला, उरलेल्या दोघांनी तीनपैकी दोन वेळा. 2021 मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी न शिकवलेल्या 19 घरगुती कुत्र्यांपुढे असे वास ठेवले, आणि त्यांचं वागणंही बदललेलं दिसलं.

म्हणजे वास आहे. आपण शेकडो वर्षं रुग्णाच्या नाकाशी चप्पल नेत होतो आणि खरी माहिती उलट्या दिशेने, रुग्णाकडून कुत्र्याच्या नाकाकडे, चालली होती.

पण वास ओळखणं आणि आधी सांगणं यात फरक आहे. ऑफिसात मी सर्व्हरचे अलर्ट लिहितो, त्यामुळे हा फरक मला रोज छळतो. सर्व्हर पडल्यावर वाजणारा अलर्ट सोपा. पडायच्या आधी वाजणारा, आणि उगाच न वाजणारा, अवघड. म्हणून आज संस्था जास्त भर देतात तो झटका आल्यावर मदत करणाऱ्या कुत्र्यांवर: भुंकून माणसं बोलावणं, बटण दाबणं, शेजारी पडून राहणं. यात कुठलीही जादू लागत नाही, नुसता सराव पुरतो.

मोतीला कुणी काही शिकवलं नव्हतं. तरी आमच्या घरात सगळे सांगतात की आत्या पडायच्या आधी तो तिच्या पायांत घुटमळायचा, पदर ओढायचा. बाबा तर शपथेवर सांगतात. मी त्यांना विचारलं, तो घुटमळला आणि आत्या पडली नाही असं किती वेळा झालं? बाबा गप्प. ते कोण मोजणार! मोती दिवसभर तिच्याच पायांत असायचा, भाकर तीच टाकायची ना. हे मला दिसतं. पण ती पडल्यावर तो ओसरीवर येऊन भुंकायचा, आणि आम्ही धावायचो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

मोती त्यानंतर चार वर्षं जगला. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या निघायच्या, एक पाण्याबरोबर, एक भाताच्या गोळ्यात. गंमत म्हणजे मोतीची गोळी चुकू नये म्हणून आत्याची स्वतःची गोळी चुकेनाशी झाली, आणि ती पडायची कमी झाली.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तिला फोन केला. तिची गोष्ट सांगू का विचारलं. "सांग ना, आता कोनाले भ्यायचं आहे," म्हणाली. मग विचारलं, आत्या, खरं सांग, मोतीला आधी कळायचं का गं?

"मले काय मालूम बापा," ती म्हणाली, "मी तं बेशुद्ध राहो."